कडक सुकलेले बोंबील

दिनांक १४ डिसेंबर १९९९

मी, सगुणा धाकू कोळी, वय ५४ वर्षे, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे. बोलावणे आले म्हणून आज पोलीस ठाण्यात हजर आहे. इंटरनेटवर अतिरेकी काय करतात ते बघायला जो नवीन कक्ष निघालाय, त्याच्या साहेबांनी समोर बसवून विचारले, त्यावरून सांगते की,

मला एकच मुलगी, उत्तरा. ती जावयाबरोबर मस्कतला असते. दिवाळीत तिला सातवा महिना होता. पोटात काही ठरत नाही, फक्त सुक्या बोंबलाची चटणी खावीशी वाटते, असे तिने मेलने कळवले. माझ्या घरी फोन नाही. खोपटला एसटी डेपोसमोर मधुचा एसटीडी बूथ आहे, तिथे त्याने कॉम्प्युटर बसवलाय. मुलीचा फोन, मेल, सगळे तिथेच येते.

दिनांक १५ नोव्हेंबर रोजी सकाळी मी सांगितले आणि मधुने मेल लिहिला तो असा: "बोंबील तयार आहेत. कडक सुकलेत. वीस तारखेला रतनबरोबर पाठवते. विमानात कोणाला वास लागू नये म्हणून चार पिशव्यांत गुंडाळलेत." रतन हा विठ्ठलवाडीचा, जावयाच्याच कंपनीत आहे, सुट्टीवर आलेला.

कॉम्प्युटरला मराठी येत नाही म्हणून मधु इंग्रजी अक्षरांत लिहितो. त्या अक्षरांत बोंबील लिहिले की पहिली चार अक्षरे बॉम्बची होतात, हे मला साहेबांनी सांगितले. मी अंगठेबहाद्दर. मला काय माहीत! नावातच बोंब आहे तर बोंब होणारच.

दिनांक १९ रोजी रतनला घरून उचलले. बोंबील जप्त केले. त्याच दिवशी मधुचा कॉम्प्युटर आणि फोन नेला, बूथला सील लावले. रतनला दोन दिवसांनी सोडले, बोंबलांना अजून सोडलेले नाही. तपासणीला नमुना पाठवलाय म्हणतात. परवा एका हवालदारांच्या डब्यातून मला ओळखीचा वास आला. त्यांचे नाव मी घेत नाही, चटणीत लसूण कमी होता.

साहेबांनी विचारले, "मावशी, नेट कधीपासून वापरता?" मी म्हटले, "लग्नाच्या आधीपासून." ते एकदम पुढे सरकले. "किती नेट आहेत?" "चार. एक फाटकंय." "कुठे ठेवलेत?" "खाडीवर, वाळत घातलेत." हे सगळे त्यांनी लिहून घेतले. माणसे पाठवून जाळी मोजून घेतली. चार भरली. फाटके कुठे फाटले तेही लिहिलेय. देशाचे बरे चाललेय.

त्या दिवसापासून मला मुलीची काही खबर नव्हती. जावयाकडे मधुचाच नंबर, आणि त्यांचा नंबर मधुच्या वहीत, वही सीलच्या आत. बूथच्या सीलसमोर रोज जाऊन उभी राहिले. मासळीची पाटी उचलायलासुद्धा जीव होत नव्हता. पोर जगली का मेली, कोणाला विचारायचे? इथे येऊन विचारले तर म्हणाले, तपास चालू आहे.

आज साहेबांनी एक कागद काढला. मस्कतहून ३ तारखेला आलेला मेल, म्हणाले, अकरा दिवस आमच्याकडे आहे, अर्थ लागत नाही. मग त्यांनी मोठ्याने वाचले: "मुलगी झाली. दोन किलो. दोघी बऱ्या आहेत. आता बोंबील नकोत."

साहेबांनी विचारले, "मुलगी झाली म्हणजे कुठले काम फत्ते झाले? दोन किलो कशाचे? दोघी कोण?"

मी म्हटले, "परत वाचा."

त्यांना वाटले मी फुटतेय. त्यांनी परत वाचले. मी म्हटले, "अजून एकदा, साहेब." त्यांनी तिसऱ्यांदा वाचले, सावकाश, बोट ठेवून. मला रडू आले, तेही लिहा. मग सांगितले की माझी उत्तरा बाळंतीण झाली, मी आजी झाले, आणि ही बातमी तुम्ही अकरा दिवस फाइलीत दाबून बसला होतात.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. "दोन किलो" याच्यापुढे "नात" हा शब्द आधी लिहून घेतला, मगच अंगठा दिला.

सगुणा धाकू कोळी, डाव्या हाताचा अंगठा