आजोबा, तुम्ही कुठे बसणार?

...आणि वर मलाच म्हणतात, "डार्विन, शांत हो, अजून सीझन सुरूच कुठे झालाय!"

सुरू कुठे झालाय? अहो, मग गेले तीन आठवडे त्या पोरी जिममध्ये काय करतायत, लादी पुसतायत? तुम्हाला सांगतो, आमच्या गावच्या वेस्टरलो कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मुली पहिल्याच सामन्यात मिनेसोटातल्या कुठल्याशा कॉलेजकडून बावीस गुणांनी आपटल्या, तेही घरच्या जिममध्ये, आणि मी डोकं धरून बाहेर येतोय तर पार्किंगमध्ये पास्टर, आमच्या चर्चचे खुद्द पास्टर हो, कोटाच्या खिशात हात घालून म्हणतात, "काही वाईट नाही खेळल्या. अजून सीझन सुरूच कुठे झालाय." बावीस गुण! हे 'काही वाईट नाही', तर मग वाईट म्हणायचं तरी कशाला? पण आमच्या आयोवात ही रीतच आहे. उभा मका गारांनी आडवा झाला तरी माणूस कुंपणाशी उभा राहून म्हणणार, "याहून वाईट झालं असतं." काय झालं असतं याहून वाईट? गारांबरोबर बैल पडले असते?

आता आमची कॉन्फरन्स म्हणजे काय, तर आठ लहान लहान कॉलेजांची भाऊबंदकी. मोठ्या युनिव्हर्सिट्यांचं सोडा हो, त्यांची पोरं विमानानं फिरतात, टीव्हीवर दिसतात. आमच्या पोरी मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन चार-चार तास बसमधून जाणार, कापलेल्या मक्याच्या रानातून, खेळणार, हरणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला डोळे चोळत हजर. खेळाची म्हणून शिष्यवृत्ती नाही, काही नाही. तर नोव्हेंबरात ही आठही कॉलेजं बाहेरच्यांशी खेळतात, आपसातली हाणामारी डिसेंबरात. म्हणून नोव्हेंबर काही धरायचा नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि मी म्हणतो, बाहेरच्या कोणी येऊन आपल्या भाऊबंदांना बडवलं तर अब्रू कोणाची जाते? सगळ्या घराण्याची जाते! मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला कोणाला बोलवायचं ते ठरवणारे लोक हेच तर बघतात, की हे घराणं बरं आहे का टाकाऊ. म्हणजे नोव्हेंबरात मला आठच्या आठ संघ जिंकायला हवेत. आठ! लोकांना एक संघ सांभाळता येत नाही!

मग काय, ओट्यावर कॉम्प्युटर, त्याच्यावर एक सामना, हातातल्या फोनवर दुसरा, खिडकीत रेडिओ, त्याच्यावर तिसरा. त्या कॉम्प्युटरवरच्या सामन्याचं समालोचन करणार कोण, तर त्याच कॉलेजातलं एक पोरगं, नाकात बोलणारं, "आणि... चेंडू... अं... कोणाकडे तरी आहे..." कोणाकडे तरी! अरे, दहाच जणी आहेत मैदानावर, बघून सांग ना! आणि कॅमेरा कुठे, तर मक्याच्या लाह्या विकणाऱ्या मुलीवर. चेंडू गेला, सामना गेला, कॅमेरा लाह्यांवरच. मी आपला या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. शेवटी आर्डिस, म्हणजे आमची बायको, विणकामातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणते, "डार्विन, त्या गालिच्याला भोक पडलं. बूड टेक जरा. अजून सीझन सुरूच कुठे झालाय?"

तुम्ही म्हणाल, म्हातारा सामन्यांसाठी एवढा कासावीस होतो? नाही हो. खरं दुखणं वेगळंच आहे. सांगतो.

या आठांत एक आहे सेंट ओल्डरिक. गाडीनं वीस मिनिटं. हिरवा रंग. नाव काढलं की आमच्या वेस्टरलोत दूध नासतं. मी जन्मभर शेती केली, पण हिरवा ट्रॅक्टर दारात उभा राहू दिला नाही. लाल घेतला, सदानकदा बिघडायचा, पण लाल! आणि या सेंट ओल्डरिकच्या पहिल्या पाचांत खेळते कोण? माझी नात. मेरिट. माझ्या मुलीची मुलगी, जिच्यासाठी मीच कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकली, जिला मीच शिकवलं की कोपर आत घे, पोरी, कोपर आत! ती आता हिरवे कपडे घालून खेळते. का? तर तिला व्हायचंय नर्स, आणि नर्सिंग आहे तिकडे. आमच्याकडे काय आहे? तत्त्वज्ञान! आता तत्त्वज्ञानानं कोणाचं बीपी मोजता येतं का?

तर ऑक्टोबरात या पोरीचा फोन. "आजोबा, मी पहिल्या पाचात आले!" मी म्हटलं, "शाब्बास!" म्हणाली, "डिसेंबरात कॉन्फरन्समधला आमचा पहिलाच सामना तुमच्या जिममध्ये आहे." मी म्हटलं, "हो का? वा वा." आणि हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठे बसणार?"

आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "अगं, अजून सीझन सुरूच कुठे झालाय!"

म्हणजे बघा! ज्या वाक्यावर मी लोकांना खायला उठतो, तेच वाक्य, माझ्याच तोंडून, माझ्याच नातीला! ती म्हणाली, "बरं." नुसतं 'बरं'. रागावली असती तर परवडलं असतं हो. ते 'बरं' जे कानात बसलं ते निघायला तयार नाही. जेवताना 'बरं', झोपताना 'बरं'.

तुम्हाला वाटेल, त्यात काय, जाऊन बसावं नातीच्या बाजूला. अहो, आमच्या जिममध्ये दोन बाजूंना लाकडी बाकडी. अलीकडे आपले, पलीकडे पाहुणे. अलीकडे तिसऱ्या रांगेत मी आणि लायल, आमची शेतं एकमेकांना लागून, आमच्या बुडांचे आकार त्या लाकडात उमटलेत इतकी वर्षं आम्ही तिथे बसतोय. कोणी उठून पलीकडे बसला असं आमच्या गावात एकदाच घडलं. हार्लन नावाचा माणूस, त्याची सून तिकडची होती. पुढे त्यानं शाळेला जमीन दिली, आगीतून दोन गाई काढल्या, चर्चचं छप्पर स्वतः चढून शाकारलं. पण आजही नाव निघालं की लोक म्हणतात, "कोण हार्लन? तो, पलीकडे बसलेला?" मरून वर्षं झाली बिचाऱ्याला!

मग मी एक वाट काढली. नोव्हेंबरात भाऊबंदांना पाठिंबा द्यायचा, हे तर माझंच तत्त्व ना? म्हणजे सेंट ओल्डरिक बाहेरच्यांशी खेळत असेल तर तिथे जाऊन टाळ्या वाजवणं हे कर्तव्यच झालं! गेलो. एकदा गेलो, दोनदा गेलो, नंतर मोजायचंच सोडलं. तिकडे खिमा-राजम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा रोल देतात, गरम, वर साखरेचा थर, आमच्याकडच्यापेक्षा चांगला... हे मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही. आणि मेरिट काय खेळत होती म्हणता! चेंडू हिसकावून घेत होती, पडत होती, गुडघा झटकून उठत होती. मी ओरडलो की एकदा वर बघायची. हसायची नाही, सामन्यात हसायचं नसतं, पण बघायची.

लायलला कळलंच. गुरांच्या खाद्याच्या दुकानात गाठलं त्यानं मला. "काय रे, तिकडे जातोस म्हणे?"

"कॉन्फरन्ससाठी," मी म्हटलं.

"कॉन्फरन्ससाठी."

"बाहेरच्यांशी खेळत होत्या ना."

"आणि बाकीच्या सहा कॉलेजांकडे कधी गेलास?"

"लांब पडतं रे."

त्यानं खाद्याचं पोतं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "असो. अजून सीझन सुरूच कुठे झालाय." पण असा म्हणाला की मला थंडीत घाम फुटला.

नोव्हेंबर संपत आला तशी माझी झोप उडाली. मी आकाशाकडे बघायला लागलो. म्हटलं, बर्फाचं एखादं जंगी वादळ येऊ दे, रस्ते बंद, सामना रद्द, सगळे सुटलो. एरवी आमच्याकडे बर्फ मागावा लागत नाही. यंदा? आकाश निळंशार! लोक शर्टावर फिरतायत! आर्डिसला म्हटलं, "काय करू?" तर म्हणते, "अर्धा वेळ इकडे बस, अर्धा तिकडे." मी म्हटलं, "हा काय घटस्फोट आहे, पोरगी शनिवार-रविवार वाटून घ्यायला?" म्हणाली, "मग तू बघ बाबा. मी पलीकडे बसणार." मी म्हटलं, "आर्डिस! लोक काय म्हणतील?" तर सुया बाजूला ठेवल्या तिनं, आणि म्हणाली, "म्हणू देत. मी तिची आजी आहे. तुझ्यासारखी कॉन्फरन्स नाही." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती महिनाभर विणत काय होती. स्वेटर. हिरवा! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, हिरवा स्वेटर तयार होत होता आणि मी लाह्या बघत बसलो होतो!

आला तो दिवस. जिम गच्च. मी आपला दारात घुटमळलो, पलीकडे बघितलं, अलीकडे बघितलं, आणि पाय गेले तिसऱ्या रांगेत. सवय हो, दुसरं काय. लायल सरकला, मी टेकलो. पलीकडे आर्डिस, हिरवीगार. मेरिट सरावाला आली, नजर फिरवली, आजी दिसली. मग आमच्या बाजूला बघितलं. मी दिसलो. मान हलवली तिनं, पुन्हा तसंच, 'बरं'. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. उघड सांगतो, लाज वाटली.

आणि आता आमची रीत ऐका. सामना सुरू झाला की सगळ्यांनी उभं राहायचं, आणि आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत बसायचं नाही. पलीकडच्यांचीही हीच रीत; मूळ कोणाची, यावर वेगळं भांडण आहे. तर दोन्ही बाजू उभ्या. शिट्टी झाली. आमच्या मुलींनी चेंडू मारला, रिंगवर आपटून बाहेर. पुन्हा मारला, रिंगला शिवलासुद्धा नाही. लायल पुटपुटतोय, "गुडघे गेले रे माझे, टाका की एक." मग चेंडू गेला तिकडे. डाव्या कोपऱ्यात मेरिट. समोर आमची उंच पोरगी हात पसरून उभी. मेरिटनं चेंडू उचलला, आणि... कोपर आत! अहो, कोपर असं आत घेतलं तिनं, तंतोतंत! चेंडू सुटला आणि रिंगला न लागता जाळीतून खाली!

पलीकडची बाजू धाडकन बसली. रीतच ती. आणि इकडे... तुम्हाला सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं, डोक्यात काही आलंच नाही... मी बसलो.

बसलो! अख्खं वेस्टरलो उभं, आणि तिसऱ्या रांगेत मी एकटा खाली! पुढे नुसत्या पाठी. मागून कोणीतरी "ए!" म्हणालं. दुसऱ्या रांगेतला डेंटिस्ट वळून बघायला लागला. मला वाटलं उठावं, पण उठलो तर आणखी वाईट, नाही का?

लायलनं वाकून माझ्याकडे बघितलं. भला माणूस आहे हो तो. मला वाट करून दिली त्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गुडघे का रे, डार्विन?"

बघा! 'हो' म्हणायचं, सुटायचं! सत्तरीचा माणूस मी, गुडघ्यांवर कोणीही विश्वास ठेवला असता! आणि मी काय म्हणालो? मोठ्यानं म्हणालो, "गुडघे धडधाकट आहेत. ती माझी नात आहे."

मग लायल सरळ झाला, समोर बघत म्हणाला, "शॉट बरा होता." बस, एवढंच. आमच्याकडे याहून जास्त कोणी कौतुक करत नाही.

आणि आमच्या मुलींचं दुर्दैव असं, की पुढे किती तरी वेळ त्यांची बास्केटच होईना! सगळं गाव उभं, पाय बदलतंय, कण्हतंय, आणि मी मध्ये ऐसपैस बसलेलो. हरलो, अर्थातच. सामना संपल्यावर मेरिट मैदान ओलांडून सरळ आमच्या बाजूला आली, घामानं निथळणारी, आणि गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, सगळ्या गर्दीत तुम्ही एकटेच खाली दिसत होता!" मी म्हटलं, "हो, ते सगळ्यांनाच दिसलं." डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. लायल म्हणाला, जिम फार तापवतात हल्ली.

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! परवा रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसलोय, पास्टरनी स्तोत्राचा आकडा सांगितला, हात वर केले, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आपण सर्वांनी उभं राहू या. डार्विन, तुम्ही बसलात तरी चालेल."

सगळं चर्च हसतंय, लायल पोट धरून, आर्डिस हिरव्या स्वेटरच्या बाहीत तोंड लपवून... आणि मी काय केलं? बसून राहिलो. अहो, एकदा एवढ्या लोकांदेखत बसलेल्या माणसाला आता उभं राहून मिळणार काय आहे?