फोटोखालची बाटली

वेबसाइट आपली म्हणजे तिच्यावर मर्जी आपली, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, तरी गावोगाव मोहाच्या भट्ट्या. त्या बंद पाडणाऱ्या बायांच्या मंडळासाठी मी तेव्हा एक फुकटातली वेबसाइट बनवली. मंडळाची प्रमुख मैनाबाई. तिचा नवरा दारूनंच गेला, म्हणून पहिला फोटो त्याचाच लावला.

मोठ्या हौसेनं तिला सायबर कॅफेत नेलं, पान उघडलं, तर फोटोखाली विदेशी दारूची बाटली! पानावर जागोजागी दारूचंच नाव, म्हणून फुकट साइट देणाऱ्या कंपनीचं यंत्र दारूच्याच जाहिराती आणून चिकटवायचं.

"हे कोनं लावलं, भाऊ?"

"कंपनीनं. साइट फुकट आहे ना, बाई."

"तुले विचारलं नाई?"

डोकंच फिरलं माझं. कंपनीला मेलवर मेल पाठवत राहिलो. बऱ्याच काळानं सोय आली, की नको ती जाहिरात साइटवाल्यानं स्वतः बंद करायची.

गावात भट्टी धरली, की सडव्याचं, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचं, पहिलं मडकं जिचं घर बुडालं तीच बाई फोडते. म्हणून पुन्हा कॅफेत नेऊन माउस मी मैनाबाईच्या हाती दिला. तिनं बटन दाबलं. पान पुन्हा उघडलं, तर बाटली गेलेली.

तिनं नवऱ्याच्या फोटोखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आता इथी काय येईन?"

"दुसरी जाहिरात."

"कोन ठरवन ते?"

"कंपनीच."

तिनं पदराला हात पुसले. "म्हंजे मडकं फुटलं, भाऊ. भट्टी चालूच हाय."