राखेच्या ढिगाखालचं पाणी

मंडळी, ऐका! एकच विचारतो — आपली घाण दुसऱ्याच्या दारात ढकलली, म्हणजे आपण शुद्ध झालो का? माना कसल्या हलवता? आधी मल्लाप्पाचं ऐका!

मल्लाप्पा जातीनं निराळी, म्हणजे रंगारी; सूत रंगवायचा. हात कोपरापर्यंत लाल! उरलेलं रंगाचं पाणी? सोडलं ओढ्यात! खाली हौसाक्का परटीण धुणं धुवायची. जत्रेआधी देवीचं पांढरं पातळ धुवायचा मान तिच्या घराचा. यंदा धुतलं — आणि गुलाबी निघालं!

आली मल्लाप्पाच्या दारात. भांडली नाही हो, रडली! "मल्लूदादा, वरनं कारखान्याची राख पडती, पाण्यातनं तुमचा रंग येतो. देवीला नेसवू काय?" गावानं बजावलं — पुन्हा रंग दिसला, तर रंगखान्याला कुलूप!

मल्लाप्पाला लाज वाटली. पण लाजेनं माणूस लगेच सुधारतो? छे! गाडीवर पिंपं चढवली, अन् पाणी साखर कारखान्यामागं ओतून आला. उसाची चिपाडं जाळून उरलेल्या राखेचा डोंगर तिथं! काळ्यात लाल कुणाला दिसतंय? हसता काय — तुम्हीही हेच केलं असतंत!

सकाळी धाकधूक, गेला बघायला. ढिगाखालून पाणी झिरपत होतं. लालभडक? नाही — नितळ! रंग राखेनं धरून ठेवलेला!

मल्लाप्पा हरखला. राख आणली, रंगपाण्याच्या हौदात ओतली आणि ढवळली. रंगाऱ्याचा हात तो, ढवळल्याशिवाय चैन कुठलं! पाणी काळंकुट्ट! बिचारा डोकं धरून बसला.

हौसाक्का हसली. "दादा, त्या ढिगात कोण ढवळाय गेलं हुतं? झिरपू द्या की!"

मग राख धुतली, वाळूवर पसरली, पाणी सावकाश सोडलं. आधी स्वतःचं धोतर बुचकळलं — पांढरं! मगच ते पाणी ओढ्यात गेलं. जत्रेला हौसाक्कानं नवं पातळ धुतलं. पांढरंशुभ्र! मल्लाप्पाचे डोळे भरून आले.

तर ती विचारते, "पण ही रंग प्यालेली राख आता कुणाच्या दारात टाकणार, दादा?"

बघा! मल्लाप्पानं ती मातीत कालवली, विटा भाजून घेतल्या, आणि आपल्याच रंगखान्याची भिंत बांधली.

मंडळी, लपवायला गेला, तिथंच देवानं त्याला गाठलं! आता प्रसाद होईल. मग चहाचे रिकामे कप टाकायला मंडपामागच्या ओढ्याकडं जाल... थांबा! ओढ्याखाली पहिलं घर कुणाचं? नाव सांगा — मगच देवाचं नाव घेऊ!