मोंबासाचं तिकीट

मशीन बंद कर — आधी बंद कर, बेसिल, मग तोंड उघड! मटिल्डानं दिली ना माझ्या तिकिटांच्या वहीची पानं? मी चर्चमध्ये मिस्साला गेले तेवढ्यात सूनबाईंनी कपाटातून काढून आणली. पावसात कसर लागते म्हणे, म्हणून सासूच्या वाढदिवसाला सगळी तिकिटं लॅमिनेशन करून प्लॅस्टिकात बंद! रेशनकार्ड वाटलं काय तुम्हाला? टपाल तिकीट आहे ते. एकदा या तापलेल्या रुळांमधून गेलं की मेलं. आणि आन्टी आन्टी करू नकोस, तुझ्या बापाचं नाक पुसलंय मी.

ही काय, सिलोनची — गेली. इंग्लंडची, गेली. जाऊ देत. शाळा कायमची सुटली तेव्हा भिंग धरलं हातात, जग शिकले मी त्या चौकोनांतून. रडत नाहीये, तुझ्या मशीनचा वास झोंबतोय. मोंबासाचं कुठाय? निळं, हत्तीचं, पाकिटाच्या तुकड्यासकट आहे ते. बाकीची सगळी कोमट पाण्यात सोडवली मी, गोंद धुतला, पालथी वाळवली — तीच रीत. हे नाही सोडवलं. का म्हणजे? शिक्का छान उमटलाय म्हणून.

कसला छान, पुसटच आहे. ॲन्सेल्मनं पाठवलेलं. बोटीवर गेला आणि तिकडेच दुसरं घर केलं माझ्या नवऱ्यानं, अख्ख्या नंदाखाल गावाला ठाऊक आहे, तू कशाला मान खाली घालतोस? पत्रं मी चुलीत घातली, त्याच जाळावर चहा केला. एवढा कोपरा फाडून ठेवला. अरे, घरी असतानाही पाण्याची वाटी पुढ्यात ठेवली तरी तिकीट जिभेलाच लावायचा तो. त्याची थुंकी आहे रे त्याखाली. पाण्यात टाकलं असतं तर —

ऐकत काय बसलास? शोध! ते मशीनच्या तोंडात काय आहे? निळं दिसतंय — ओढ मागे! अडकेल? अडकू दे, फाटू दे, उलटं फिरव ना —

आलं.

पलीकडूनच आलं.

दे इकडे. पुसू नकोस, हात लावू नकोस. आणि मटिल्डाला यातलं अक्षर सांगायचं नाही, कळलं? पोरीनं मायेनं केलंय. वाढदिवसाला मी चकित होईन. जा, तिकडे गिऱ्हाईक खोळंबलंय तुझं. जा म्हटलं ना.

गरम आहे रे अजून.