जुनी मुलं

बसमध्ये मांडीवरच्या लेकाला थोपटत ती बसली होती. पुढच्या सीटवर पोरांना डोंगरावर नेणारी ताई होती, आणि त्यासाठी पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"यंदा नवी मुलं घ्या, ताई. जुन्यांसाठी पैसे मिळणार नाहीत."

"डोंगर नुसतं निमित्त आहे हो. जुन्यांतली एक पोर वर्षभर चढल्यावर आत्ता कुठे माझ्याशी बोलायला लागलीय."

"मग झालं की काम! उगाच जीव लावत बसता तुम्ही."

"रविवारी ती बूट घालून दारात बसेल. काय सांगू तिला?"

"सांगा, मोठी झालीस, आता तुझं तू बघ."

"तिची आई घर सोडताना हेच सांगून गेली, साहेब."

"असो. नव्या मुलांचे फोटो कधी पाठवताय?"