दहा कौशल्यं आणि दारावरची बेल

अहो, तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवणाऱ्यावर, की बारावीतल्या मुलीवर? मी अर्थातच स्वतःवर ठेवला.

मोबाइलवर संसाराचा एक खेळ आहे. आपण एक माणूस तयार करायचा आणि त्याला स्वयंपाक, बागकाम, गिटार असं एकेक शिकवत न्यायचं. माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "बाबा, एका जन्मात दहा कौशल्यं पूर्ण करून दाखवा. हरलात तर महिनाभर रविवारच्या पोळ्या तुमच्याकडे."

"चालेल," मी म्हटलं.

"एवढंच ऐका, बेल वाजली तरी दार उघडू नका. शेजारी फार वेळ खातात."

आता धायरीत दुकान थाटलेला माणूस दारी आलेल्याला परत पाठवेल का? माझ्या माणसाने येईल त्याला आत घेतलं, बसवलं, घरच्यांची चौकशी केली. तिकडे बाग वाळली, गिटारला हात लागला नाही, आणि बोलता बोलता तो म्हातारा होऊन गेलासुद्धा.

मुग्धाने मोबाइल हातात घेतला. "नऊ कौशल्यं अर्धवट. गप्पा तेवढ्या पूर्ण."

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, त्याचं नाव काय ठेवलं होतंत?"

"माझंच."

"मग खेळ चांगला बनवलाय."

तर या रविवारी आमच्याकडे जेवायला या. कच्च्या पोळ्या किती, करपलेल्या किती, याचा हिशोब तुम्हीच ठेवा. फक्त मैत्रीखातर एकही कमी मोजू नका, बायको पानात बघून पडताळणार आहे.