खोक्यावरचं माझं नाव

...आणि वर मलाच विचारतात, एवढं काय आकांडतांडव, नाव तर मुंगीएवढं आहे! मुंगीएवढं? तुम्हाला सांगते, आमच्या कैरवान गावात कुणाच्या घरी काल कालवण करपलं तेही आज गल्लीला माहीत असतं, तिथे छापलेलं नाव लपतंय होय?

शाझलीकाकांचं मकरूदचं दुकान. रव्याच्या वड्या, आत खजूर, तळून पाकात सोडलेल्या... त्या चवीला मी नावं ठेवणार नाही. खोक्याचं डिझाइन मात्र मी केलं होतं, दोन महिने खपून. मी एकटीच काम करते हो, ऑफिस नाही, पाटी नाही. केलेलं काम हीच माझी पाटी, म्हणून खाली कोपऱ्यात 'रचना : हैफा झरूक'. फाइल देताना बजावलं, लिहून दिलं, काकांची सही घेतली, की अक्षरांना हात लावायचा नाही आणि छापण्याआधी नमुना मला दाखवायचा. काका म्हणाले, "पोरी, तू काळजीच करू नकोस."

आणि फाइल दिली जावयाला! जावई मुनीर, टायर विकतो. त्याला वाटलं, दुकानाचं नाव जरा मोठं हवं. आता आमची अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे, हातात हात घालून चालणारी. याच्या कॉम्प्युटरवर ती सगळी सुटली, वर उलटी फिरली... वाटण्या झालेल्या भावांसारखी एकेकटी उभी! कुणाच्या बापाला वाचता येईना. छापली किती? चार हजार. आणि खाली नाव कुणाचं? माझं. तेवढ्याला त्याने हात लावला नव्हता, म्हणून तेवढंच काय ते सुबक!

मला कळलं कसं, तर नझीहाबाईंचा फोन. माझ्या शिक्षिका. गालिच्यांच्या प्रदर्शनाचं काम मला द्या म्हणून त्यांनीच शब्द टाकलेला. खोक्याबद्दल अवाक्षर नाही. फक्त विचारलं, "हैफा, आत्ताच शाझलींकडून मकरूद आणले. तब्येत बरी आहे ना?" शिवी परवडली असती हो!

तडक दुकान गाठलं. मौलिद तीन दिवसांवर, अख्खा देश पैगंबरांच्या जन्मदिवसाला आमच्या गावात लोटणार, आणि काका मला समजावतायत की लोक आतलं खातात, खोकं कोण वाचतं. मुनीर म्हणाला, दिसायला नवीन वाटतं. मी सहीचा कागद पुढे धरला. काकांनी स्वतःची सही निरखली. मग म्हणाले, आता फेकून देणं जमायचं नाही. म्हटलं, "नका फेकू. उलटी विका, सुलटी विका. पण खाली नाव कुणाचं? माझं. ते जाणार."

काळा मार्कर आणला, स्टूल ओढलं, दुकानाच्या मधोमध बसले आणि एकेका खोक्यावर रेघ. गिऱ्हाईक विचारी, काय चाललंय? मी सांगे, हे काम माझं नाही. दुसऱ्या दिवशी बोटं वाकेनात. तेवढ्यात दारात नझीहाबाई. एक खोकं उचललं, रेघ पाहिली, सहीचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "दुसरा पेन आहे?" ...बसल्या की शेजारी! त्या एका वाक्यावर मी उरलेली हजार संपवली. प्रदर्शनाचं कामही राहिलं माझ्याकडेच.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. महिन्याभराने काका दारात, सोबत मकरूद, आवाज एकदम मऊ. म्हणाले, राजधानीतली, ट्युनिसची माणसं रेघवालंच खोकं मागतात, बिनरेघेचं नकली म्हणतात. शेजारच्या दुकानदारानेही रेघा मारायला घेतल्यात. "तुझंच मूळ खोकं छापतो पोरी, टिंबही हलवत नाही. फक्त तुझ्या नावावरची ती रेघ तेवढी राहू दे."

काय करणार? दिली. या खेपेला छापखान्यात स्वतः उभी राहून. आज ती रेघ अख्ख्या देशात ओळखतात, माझं सगळ्यात गाजलेलं काम ते... आणि नाव? आहे ना. रेघेखाली.